हाक मारली तर कोण येतं?

साहेबांच्याबरोबर पहिल्यांदा इन्स्पेक्शनला गेले, त्या दिवशी मला वाटलं की हा माणूस मेला.

रास अल खैमाच्या बाजूला एका कारखान्याची कामगारांची वसाहत होती. आग विझवायचे सिलिंडर बघून झाले, वायरिंग बघून झालं, आणि साहेब एका खोलीत शिरले. मी बाहेर फाईल धरून उभी. बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात, म्हणून डोकावले. तर हे कुणा कामगाराच्या कॉटवर उताणे. बूट काढून खाली जोडीने ठेवलेले, चादर हनुवटीपर्यंत ओढलेली, हात छातीवर, डोळे छताकडे सताड उघडे. पापणी लवत नव्हती. मी किंचाळलेच.

"ओरडू नको गो," ते पडल्या पडल्याच म्हणाले. "झोपलेल्या माणसाला इथून काय दिसतं, ते बघतोय."

मी वसईची. नवऱ्याला अबूधाबीत हॉटेलात नोकरी लागली, मागोमाग मी गेले आणि तिथल्याच मुसाफा भागातल्या एका सेफ्टीच्या कंपनीत सेक्रेटरी म्हणून चिकटले. साल दोन हजारच्या आगेमागे. कंपनी कसली, एक मालक, दोन इंजिनियर, आणि हे साहेब. कोणी बोलावलं की जाऊन तपासायचं, कामगारांचे कॅम्प, होस्टेलं, दवाखाने, आणि वर रिपोर्ट द्यायचा. टायपिंग माझं, फोन माझे, आणि साहेबांना सांभाळणंही माझंच, कारण ऑफिसात दुसरं मराठी कोणी नव्हतं. मालक मला म्हणायचा, "तुम्हारा आदमी है, तुम संभालो." जसं काही मी त्यांना हुंड्यात आणलं होतं!

ते गुहागरकडचे. आयुष्याची बरीच वर्षं फायर ब्रिगेडमध्ये काढलेली, मग इकडे. उंच, सुकट, जूनच्या उन्हातही शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं. गालात कायम लवंग. अरबी घडाघडा बोलायचे, मराठी मात्र मोजून. घरी कोण आहे, बायको आहे का, मुलं आहेत का, कोणालाच माहीत नव्हतं. मी एकदा विचारलंच. तर म्हणाले, "तुझ्या गॅसची नळी शेवटची कधी बदललीस?" आता यावर काय बोलणार, कप्पाळ!

एकदा जेवायला बोलावलं. सुरमई तळली होती, सगळं साग्रसंगीत केलं होतं. हे आले, चपला काढल्या आणि सरळ आत जाऊन माझ्या मुलीच्या पलंगावर आडवे झाले. मुलगी तेव्हा चौथीत. ती दारातच उभी राहून म्हणाली, "मम्मा, व्हाय इज ही लाइक अ डेड पर्सन?" नवरा माझ्याकडे बघतोय, मी नवऱ्याकडे. साहेब उठले आणि म्हणाले, "पोरीच्या उशाशी एक्स्टेन्शन आहे, ते काढा." मग हात धुऊन आठ तुकड्या खाल्ल्या. एक्स्टेन्शन खरंच तापत होतं म्हणा. पण मुलगी पुढे कितीतरी दिवस त्या पलंगावर झोपेना.

दुसरा त्यांचा नाद म्हणजे एक प्रश्न. कुठेही गेले की मॅनेजरला काही विचारायचे नाहीत. मॅनेजर बिचारा फाईली मांडून बसलेला असायचा, चहा मागवलेला असायचा. हे काम संपेपर्यंत चहाला शिवायचेसुद्धा नाहीत. आत जायचे, जो कोणी कॉटवर असेल त्याच्यापाशी बसायचे आणि विचारायचे, "हाक मारली तर कोण येतं?"

कोणी सांगे, शेजारचा येतो. कोणी सांगे, सिक्युरिटीवाला. चिपळूणकडचा एक गडी हसला होता, "हाक कशाला मारतोय साहेब, मोबाईलवर मिस कॉल देतो." साहेब हसले नाहीत. मिस कॉल कोणाला देतो, त्याचं नाव विचारून घेतलं आणि त्या माणसालाही जाऊन भेटले.

मी चिडून म्हटलं होतं, "सर, आपण आग बघायला येतो की सोयरीक जुळवायला?"

"अगो, सिलिंडर काय आपल्या पायाने चालत येणार आहे?" ते म्हणाले. "कोणीतरी तो घेऊन यायला लागतो. तो कोण, एवढंच विचारतो मी."

हे सगळं मी हसत सांगते, पण अल ऐनच्या त्या घराचं आठवलं की माझं हसू जातं.

मार्च सरत आला होता. अल ऐनमध्ये एका ट्रस्टचं वृद्ध बायकांचं घर होतं. त्याचं लायसन्स नवं करायचं होतं आणि ते आमच्या रिपोर्टवर अडलं होतं. त्या देशात म्हाताऱ्या आईला असं कुठे नेऊन ठेवायची रीत नाही. मुलगा नसेल तर भाचा बघतो, भाचा नसेल तर शेजार बघतो. म्हणजे ज्यांचं मागेपुढे कोणीच उरलं नव्हतं, अशाच बायका तिथे होत्या. बैठं घर, मागे खजुराची बाग. गाडीतून उतरले तर इतकं शांत की मला माझ्याच सँडलचा आवाज नकोसा झाला. दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही, नुसती एसीची घरघर.

मेट्रन केरळची होती. गोल चेहऱ्याची, थकलेली, बोलता बोलता हात पुसत राहायची. "आइए सर, पहले चाय," ती म्हणाली. साहेबांनी मान हलवली आणि चालू लागले.

बायकांची खोली सगळ्यात मागे होती. लांबलचक, दोन्ही बाजूंना कॉटा, बागेकडे खिडक्या. तिकडच्या म्हाताऱ्या बायका तोंडावर एक मुखवटा घालतात, कपडाच असतो, पण पितळेसारखा चमकतो, नाक आणि कपाळ झाकतो. तशा त्या सगळ्या आपापल्या कॉटच्या कडेला बसल्या होत्या. कोणी बोलत नव्हतं. आम्ही शिरलो तेव्हा सगळ्यांनी तोंडं आमच्याकडे नाही, तर खिडकीजवळच्या एका कॉटकडे वळवली. जसं आधी तिला विचारायचं होतं, कोण आलंय म्हणून.

त्या कॉटवर कोणी नव्हतं. चादर ताणून घातलेली, पायाशी पांघरूण, उशीवर घडी केलेली काळी ओढणी आणि तिच्यावर तो चमकता मुखवटा. डोळ्यांच्या जागी दोन भोकं. खाली चपलांचा जोड, कोणी पाय खाली सोडले की आपोआप आत जातील असा ठेवलेला. बाजूला पाण्याचा पेला, वर बशी झाकलेली. बाई बाथरूमला गेली असेल, असं मला वाटलं.

साहेब पहिल्या म्हातारीपाशी स्टूल ओढून बसले. सलाम केला, तब्येत विचारली, आणि मग तो प्रश्न.

"उम्म सालेम," म्हातारी म्हणाली.

म्हणजे सालेमची आई. तिकडे बायकांना अशीच हाक मारतात. साहेब पुढच्या कॉटकडे सरकले. "उम्म सालेम." त्याच्या पुढची. "उम्म सालेम." एकीला बोलता येत नव्हतं, तिने खिडकीजवळच्या कॉटकडे बोट केलं. शेवटची मरियम. रिकाम्या कॉटच्या शेजारची. तिची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेलेली, आणि पायांतही जीव नव्हता. साहेबांनी तिला जरा जास्तच वेळ विचारलं. ती शांतपणे उत्तरं देत होती. ते मला मराठीत सांगू लागले.

"म्हणते, उम्म सालेम येते. पाणी लागलं तर पाणी देते. पांघरूण सरकलं तर वर ओढते. तोंडाने काही बोलत नाही. स्टाफच्या लिस्टमध्ये बघ गो, ही कोण ते."

मी लिस्ट बघितली. मेट्रन, दोन आया, स्वयंपाकी, वॉचमन. उम्म सालेम नव्हती. मी मेट्रनला विचारलं, "सिस्टर, उम्म सालेम कौन है?"

मेट्रनचे हात पुसायचे थांबले. तिने आम्हाला व्हरांड्यात घेतलं, दार ओढून घेतलं आणि म्हणाली, "सर, वो तो रमजान के पहले गुजर गयी."

मी लिस्ट पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत बघितली.

मेट्रनने सांगितलं ते असं. उम्म सालेम त्या खोलीत सगळ्यात धडधाकट होती. कोणी कण्हलं की तीच उठायची, तीच आयांना बोलावून आणायची. ती गेली आणि दुसऱ्या दिवशी कॉट काढायला घेतली, तर सगळ्या म्हाताऱ्यांनी आकांत केला. जेवण टाकलं. शेवटी कॉट ठेवली. मग चादर बदलावी लागली. मग काहवा, म्हणजे तिकडची कडू कॉफी, वाटताना तिचाही कप भरून ठेवावा लागला. असं करत करत ती बाई मेली तरी तिची शिफ्ट चालूच राहिली.

"और पानी कौन देता है? कम्बल कौन डालता है?" साहेबांनी विचारलं.

"मालूम नहीं सर." मेट्रनने आवाज खाली आणला. "दो ही लडकियाँ हैं. वो अंदर जाने से डरती हैं. खाना देती हैं, सफाई करती हैं, और भाग आती हैं. बोलती हैं, आवाज आये तो भी हम नहीं जायेंगे, वो जाती है ना."

मी छातीवर क्रूस केला. साहेबांनी लवंग दुसऱ्या गालात सरकवली. मग मला म्हणाले, "ती येते की नाही, हा माझा विषय नाही. दुसरं कोणी येत नाही, हा माझा विषय आहे."

आणि खरंच, प्रश्न एवढाच होता. उद्या त्या खोलीतला एसी पेटला, तर मरियमला उचलून बाहेर कोण आणणार? तिला धूर दिसणार नव्हता, आणि दिसला तरी पळता येणार नव्हतं. ती उम्म सालेमला हाक मारणार होती.

साहेबांनी तिथल्या तिथे ड्रिल लावलं. घंटा वाजवायची, सगळ्या बायकांना व्हीलचेअरवर घालून बागेत आणायचं, मोजायचं. मला बागेत उभं केलं आणि स्वतः आतच राहिले. ही त्यांची नेहमीची खोड. ड्रिलमध्ये स्वतः मागे राहायचं, एखाद्या कॉटवर पडून, आणि विसरलेल्या माणसाला शोधायला कोणी परत येतं का ते बघायचं.

घंटा झाली. आत एकच गलका. दोन्ही आया धावत होत्या, मेट्रन "यल्ला, यल्ला, चलो चलो" करत ढकलत होती. एकेक खुर्ची उन्हात यायला लागली. काळे कपडे, चमकते मुखवटे, ऊन पडून डोळे दिपत होते. खजुराखाली रांग लागली. मेट्रनने घाम पुसत बोटाने खुर्च्या मोजल्या, वहीत बघितलं आणि मला म्हणाली, "खलास मॅडम. पूरा बराबर."

मीही मोजलं. बरोबर होतं. आता साहेब बाहेर येतील म्हणून मी दाराकडे बघत राहिले. येईनात. मला वाटलं, पडलेत आडवे, आज डोळासुद्धा लागला असेल.

आणि ते आले. अंगावर एक बाई घेऊन.

परक्या बाईला हात लावणं तिथे बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी तिला चादरीत गुंडाळून, चादरीसकट उचललं होतं. मरियम होती. घंटेच्या जरा आधी एका आयाने तिला बाथरूममध्ये नेऊन बसवलं होतं आणि गडबडीत विसरली होती. साहेब उन्हात उभे राहिले, धापा टाकत. मेट्रन त्यांच्याकडे बघते, रांगेकडे बघते. खुर्च्या बरोबर भरल्या होत्या, आणि एक बाई जास्त होती.

मी रांगेतून चालत गेले. चौथ्या की पाचव्या खुर्चीत ओढणी होती, मुखवटा होता, पायाच्या फळीवर चपलाही होत्या. आत कोणी नव्हतं. म्हाताऱ्यांनी उम्म सालेमला सोडून बाहेर यायला नकार दिला होता, म्हणून आयाने तिलाही खुर्चीत घातलं होतं. आणि मोजताना तीही मोजली गेली होती. मेलेली बाई सुखरूप बाहेर आली होती आणि जिवंत बाई आत राहिली होती. मी तिथल्या कट्ट्यावर मटकन बसले.

साहेबांनी मरियमला माझ्या शेजारी टेकवलं. मला म्हणाले, "मी त्याच कॉटवर पडलो होतो गो. उम्म सालेमच्या. मरियमने बाथरूममधून हाक मारली, 'या उम्म सालेम.' मी मुद्दाम उठलो नाही. म्हटलं, कोण येतंय ते बघू. दुसऱ्यांदा मारली, तरी पडूनच राहिलो. आणि माझ्या पायावरचं पांघरूण कोणीतरी सारखं केलं."

"मेट्रन असेल," मी म्हटलं.

"मेट्रन तुझ्यासमोर उभी होती ना?"

होती. दोन्ही आयाही होत्या. मी देवाची शप्पथ घेऊन सांगते, त्या वेळी आत साहेब आणि मरियम सोडून कोणी नव्हतं. "मग?" मी विचारलं.

"मग काय, उठलो. तिसरी हाक ऐकायची वाट बघवेना." त्यांनी गळ्याचं बटण काढलं. ते बटण उघडं मी कधी पाहिलं नव्हतं.

मरियम अंधारातल्यासारखं तोंड इकडे तिकडे फिरवत होती. साहेब तिच्यासमोर उकिडवे बसले आणि तिला म्हणाले, हे त्यांनी मला नंतर सांगितलं, की अम्मी, उम्म सालेम वारली. तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, पण ती आता नाही. तिला हाक मारत जाऊ नका, या मुलींना मारा.

मरियम हसली. मुखवट्याखालून तिचे ओठ दिसत होते. ती बोलायला लागली आणि बाकीच्या बायकांनी हळूहळू माना खाली घातल्या. साहेब एकेक वाक्य मराठीत आणत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते.

"म्हणते, मला ठाऊक आहे ती मेली. माझ्या शेजारीच मेली. छातीत कळ आली म्हणाली. पहाटेच्या बांगेच्या आधी. तिने या मुलींना नावाने हाका मारल्या. कोणी आलं नाही. मग आम्हाला हाका मारल्या. म्हणते... म्हणते, आमच्यातल्या कोणाला उठता येत नाही. आम्ही सगळ्या नुसत्या ओ देत राहिलो. आहोत गं, इथेच आहोत. बांग होईपर्यंत ती हाका मारत होती. तेव्हापासून ती येते. तिच्या हाकेला कोणी आलं नाही ना, म्हणून ती सगळ्यांच्या येते."

मेट्रन तोंडात पदर कोंबून रडायला लागली. दोघींतली एक आया खाली बसली आणि तिने डोक्यावर हात घेतले. तिला मी काय दोष देऊ? दिवसरात्र दोनच पोरी, त्याही कुठल्या कुठून पोटासाठी आलेल्या. पण त्या क्षणी मला तिचा राग आला, आणि मालकाचा, ट्रस्टचा, सगळ्यांचा आला. नऊवारीतली माझी आई वसईला एकटीच राहते, हे मला तिथे आठवलं, आणि मी मरियमचा हात धरून ढसाढसा रडले. तिचा हात कोरडा आणि गार होता. ती मला थोपटत होती.

साहेबांनी घर नापास केलं. मालकाने खूप आदळआपट केली, ट्रस्टचे मोठे लोक ओळखीचे होते. "हबीबी, लिख दो, थोडा सुधार चाहिए," असं गोड बोलून बघितलं. साहेबांनी एकच ओळ लिहायला सांगितली, की हाकेला कोणीही जिवंत माणूस जात नाही. मी म्हटलं, "सर, 'जिवंत' काढूया, लोक हसतील." "नको काढू," ते म्हणाले. मी तसंच टाइप केलं.

बायकांना अल ऐनमधल्याच एका हॉस्पिटलच्या वॉर्डात हलवलं. दुसरा मजला, स्वच्छ, प्रत्येक कॉटला बेल. पुढच्या महिन्यात आम्ही मुद्दाम बघायला गेलो. मरियम डाव्या हाताच्या तिसऱ्या कॉटवर होती. गाल जरा भरले होते. साहेबांनी तिला बेल दाबायला लावली. नर्स चटकन आली. पुन्हा लावली, पुन्हा आली. नर्स जरा वैतागलीच. साहेबांचा चेहरा असा खुलला की बघत राहावं. मी म्हटलं, "झालं समाधान? आता तरी चहा घ्या."

मरियमने त्यांची बाही धरली आणि काहीतरी विचारलं. साहेबांचा चेहरा उतरला. मी "काय? काय म्हणाली?" करत होते. गाडीत बसल्यावर त्यांनी सांगितलं.

"म्हणाली, इथे सगळ्या येतात. उम्म सालेम तेवढी येत नाही. तिला इथला रस्ता माहीत नाही. ती तिथेच राहिली. आता तिथे तिने हाक मारली, तर ओ द्यायलासुद्धा कोणी नाही."

मला वाटलं, आपण आता मुसाफाच्या रस्त्याला लागू. तर साहेबांनी गाडी वळवली आणि सरळ त्या घराशी आणून उभी केली. ते तेव्हा बंद पडलं होतं. बागेला पाणी नसल्यामुळे पाचोळा साचला होता. वॉचमन पठाण होता, ओळखीचा, त्याने कुलूप काढून दिलं. वीज तोडलेली. व्हरांड्यातून मी त्यांच्या पाठीला अगदी चिकटून चालत होते, लाज वाटली तरी.

लांब खोलीत नुसत्या लोखंडी कॉटा उरल्या होत्या, गाद्या गुंडाळलेल्या. खिडकीजवळच्या कॉटची गादी तेवढी पसरलेली होती. कोणी पसरली, कोण जाणे. साहेब तिच्या पायाशी उभे राहिले, हात मागे बांधून. आणि बोलायला लागले. अरबीत, सावकाश, मोठ्याने. पत्ता सांगण्यापुरतं अरबी फोनवर बोलून बोलून मलाही येत होतं, बाकीचं त्यांनी नंतर गाडीत सांगितलं.

"उम्म सालेम, मरियम आणि बाकीच्या हॉस्पिटलात आहेत. सगळ्या बऱ्या आहेत. इथून बाहेर पडलात की उजवीकडे. मोठ्या रस्त्याला लागा, सरळ जा. काहवाच्या मोठ्या किटलीचा चौक येईल, तिथे डावीकडे. हॉस्पिटलात पुढच्या दाराने जाऊ नका, तिथे विचारपूस करतात. बाजूला जिना आहे. लिफ्ट घेऊ नका. दुसरा मजला. डाव्या हाताची तिसरी कॉट. तुम्हाला कोणी अडवलं तर मरियमचं नाव सांगा."

आम्ही ख्रिस्ती लोक नोव्हेंबरात कबरींवर मेणबत्त्या लावतो. मेलेल्यांशी कसं वागायचं, ते मला जरा तरी ठाऊक आहे असं मी समजत होते. पण मेलेल्याला कोणी असा पत्ता समजावून सांगताना मी पाहिलं नव्हतं. मला हसू आलं नाही. भीतीही, खरं सांगते, त्या वेळी गेली. ते बोलून झाल्यावर थोडे थांबले, समोरच्याला कळलं का याची खात्री करताना थांबतात तसे. मग मागे न बघता बाहेर आले. मी त्यांच्या मागून.

वॉचमन कुलूप घेऊन दारापाशी आला.

"रुको," साहेब म्हणाले.

"साहब, अंदर तो कोई नहीं है."

"निकल रही है," साहेब म्हणाले. "बूढी औरत है, थोडा टाइम दो."

पठाणाने माझ्याकडे बघितलं. मग तो कुलूप हातात धरून दारातून बाजूला सरकला, आणि मीही सरकले.